ण नसलेलं टाचण

शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते आणि मला माझं आडनाव म्हणता येत नव्हतं.

लिहिता येत होतं. कागदावर मी आयुष्यात कधी चुकलेलो नाही. एम. ए. मराठी, बी. एड., वर त्या पात्रता परीक्षा; माझ्या कुठल्याही उत्तरपत्रिकेत न आणि ण एकमेकांच्या जागेवर सापडायचे नाहीत. पण तोंड वेगळं. तोंड विश्रांतवाडीच्या आमच्या गल्लीत तयार झालं. तिथे पानी भरतात, भांडन करतात आणि कोन हाय म्हणत दार उघडतात. घरात एकटा असलो, जीभ नीट वळवून मागे नेली, की मी 'रणपिसे' म्हणतो. दहापैकी दहा वेळा. चार माणसं बघायला लागली की तीच जीभ पुढे येते आणि दातांमागे चिकटून बसते. मग रनपिसे. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीकसं 'अच्छा' येतं. हसला असता तर परवडलं असतं. त्या अच्छामध्ये माझी वस्ती, माझी जात, खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेला माझा बाप दशरथ रणपिसे, सगळं वाचून झालेलं असतं.

आणि मी शनिवार पेठेतल्या एका शाळेत नववी ब चा वर्गशिक्षक होणार होतो. विषय मराठी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

पदाचं नाव शिक्षण सेवक. त्यातही ण आहेच. तीन वर्षं मानधनावर राबायचं, शाळेचा अहवाल चांगला गेला तर कायम. अहवाल लिहिणार पर्यवेक्षक. आमचे पर्यवेक्षक दत्तप्रसाद मेहेंदळे. अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नाही. मुलाखतीला तेच समोर होते. तिथे मी ठरवून गेलो होतो की ण सोडायचा नाही. नाही सोडला. इतका घट्ट धरला की 'माझं वार्षिक नियोजण' म्हणालो. भीतीनं जीभ मागे नेली ती तिथेच अडकली. मेहेंदळे सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मला घेतलं ते मार्कांच्या यादीमुळे. यादीला कान नसतात.

शाळेच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या शिक्षकांना बैठकीला बोलावलं. बैठक संपल्यावर सरांनी मला थांबवलं. पहिल्या दिवशी पहिला तास वर्गशिक्षकाचा असतो, नवीन माणूस आला की त्या तासाला ते मागच्या बाकावर बसतात, ही शाळेची पद्धत आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या तासाचं टाचण आदल्या दिवशी दाखवा, म्हणाले. टाचण म्हणजे मास्तरची वही. तासाला काय घेणार, कसं घेणार, मिनिटामिनिटाचा हिशोब त्यात लिहायचा असतो.

मी म्हणालो, "लेसन प्लॅन दाखवतो, सर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण मराठीचे ना?"

मी हो म्हणालो. टाचण हा शब्द माझ्या तोंडून तिथे निघाला नसता. तो टाचन झाला असता.

कुणाला वाटेल, एवढ्याशा अक्षराला काय घाबरायचं. ज्याला वाटतं त्याचं तोंड जन्मापासून बरोबर असतं. मी आठवीत असताना आमच्या वर्गावर एक बाई होत्या. त्यांनी मला धडा वाचायला उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, हा चुकला की एक टाळी. एका पानाला तेरा टाळ्या पडल्या. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना ते सुधारणं वाटत होतं. टाळ्या थांबल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून 'येईल हो' म्हणाल्या. त्यानंतर दहावीपर्यंत मी वर्गात मोठ्यानं वाचलं नाही. घसा दुखतोय, चष्मा विसरलाय, पुस्तक आणलं नाही, वाट्टेल ते. पुस्तक आणलं नाही म्हणून वर्गाबाहेर उभा राहायचो, दप्तरात पुस्तक असताना. तिथून मी मराठीचा मास्तर झालो. का झालो ते विचारू नका. ज्या घरातून हाकलतात त्याच घराच्या मालकीचे कागद काढायला माणूस निघतो, तसं काहीतरी.

तर टाचण. मी एक शक्कल काढली. ण च नाही असं भाषण लिहायचं.

दुपारी जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो. 'आणि' गेलं, तिथे 'व'. 'पण' गेलं, 'परंतु' आलं. 'म्हणजे'च्या जागी 'अर्थात', 'कोणी'च्या जागी 'एखादा', 'गुण'ऐवजी मार्क, 'अडचण'ऐवजी प्रॉब्लेम. इथपर्यंत मजा वाटली. मग क्रियापदं आली. मी तुम्हाला शिकवणार आहे. तुम्ही लिहिणार आहात. वाचणे, बोलणे, ऐकणे. मराठीत काहीही करायचं म्हटलं की ण आडवा येतो. माणूस नुसता येणार म्हणाला तरी सापडतो. तेव्हा 'शिकवणार'चं 'शिकवीन' केलं, 'बघणार'चं 'बघू'. व्याकरण या शब्दाला तोडच नव्हती. तो फळ्यावर लिहायचा आणि खडूनं दाखवायचा, असं कंसात लिहून ठेवलं.

दोन दिवसांनी हे तयार झालं:

'मुलांनो, सुप्रभात. मी सौरभ सर. यंदा मी तुम्हाला मराठी शिकवीन. मराठी सोपी नव्हे, परंतु गोड आहे. मनात येईल ते निर्भय होऊन बोला. चुकलं तरी चालेल. चुकल्याशिवाय एकही भाषा येत नाही.'

माझी बहीण चैताली खराडीला आयटीत आहे. शनिवारी ती घरी होती. तिला पलंगावर बसवलं, मी कपाटापुढे उभा राहिलो आणि भाषण म्हणून दाखवलं. ती मोबाईलवर रेकॉर्ड करत होती.

"दादा, तू लिटरली कीर्तनकार वाटतोयस," ती म्हणाली. "शिकवीन काय? असं कोण बोलतं?"

मी तिला कारण सांगितलं. तिनं मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, त्यांच्या ऑफिसात सगळे इंग्लिशमध्येच चुकतात, कुणी कुणाला विचारत नाही. तिथलं तसं असेल. मी तिला परत सुरुवातीपासून रेकॉर्ड करायला लावलं. सात वेळा. आठव्यांदा ती उठून गेली.

आतून आई म्हणाली, "सौरभ, किती बोलतोय मघापासनं. पानी पी जरा."

मी वळलो आणि ओरडलो. "पाणी! आई, पाणी. एकदा तरी नीट म्हण ना. तुझ्यामुळे झालंय हे सगळं."

कांताबाई रणपिसे तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून आम्हा दोघांना शिकवलेली बाई आहे. ती रडली वगैरे नाही. तिनं तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"तू पाणी पी," ती म्हणाली. "आमी पानी पितो. नळ एकच हाय."

मी प्यायलो नाही. तेवढी लाज होती. पण माफीही मागितली नाही, कारण डोक्यात एकच चाललेलं होतं: ओरडताना ण किती स्वच्छ आला. म्हणजे रागात येतो. भीतीत जातो. मग वर्गात थोडं रागावून बोलावं का? माझ्या कच्च्या वहीत तसं टिपूनही ठेवलं. चिडका आवाज ठेवावा. आता ते वाक्य आठवलं की माझीच मला किळस येते.

रविवारी सकाळी शाळेत वर्गशिक्षकांना कॅटलॉग वाटले. कॅटलॉग म्हणजे हजेरीचं मोठं रजिस्टर, आमच्याकडे तेच नाव. टाचण दाखवायला मी मेहेंदळे सरांपुढे उभा होतो, त्यांनी वही ठेवून घेतली, न वाचताच, आणि कॅटलॉग माझ्या हातात दिला. मी तो उघडला.

नावं. मी नावांचा विचारच केला नव्हता.

आठ दिवस माझ्या तोंडचे शब्द गाळत बसलो आणि पहिल्याच तासाला हजेरी घ्यावी लागते, हे मास्तर होऊ घातलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. बावन्न मुलं. प्रणव, किरण, कृष्णा, वीणा. चव्हाण तिघं. राणे, काणे, पठाण. मृणाल पुराणिक, एकाच मुलीत दोन. सव्विसाव्या नंबरला कल्याणी रायकर. मी जिन्यात उभा राहून मोजले, एकोणीस जणांच्या नावात ण होता. नाव बदलता येत नाही. 'मृणाल'ला 'अर्थात' नाही म्हणता येत. आणि नाव चुकलं की ते मूल घरी जाऊन सांगतं. मुलं बाकी काही सांगत नाहीत, हे सांगतात.

मनपाच्या स्टॉपपर्यंत नवा पूल चालत ओलांडताना मी तो कॅटलॉग नदीत टाकायचा विचार खरंच केला. बसमध्ये बसल्यावर दुसरी शक्कल सुचली, आणि ती पहिलीपेक्षा भारी होती: हजेरी घ्यायचीच नाही. मुलांनाच सांगायचं, एकेकानं उभं राहा, नाव सांगा, कुठून येता ते सांगा. ते बोलतील, मी खुणा करेन. नवीन पद्धत. विद्यार्थीकेंद्री. सर मागे बसून खूशच होतील. माझं नाव मी फळ्यावर लिहीन. लिहिताना माझ्याकडून चूक होत नाही.

सोमवारी प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. नववी ब मध्ये गेलो तेव्हा मेहेंदळे सर आधीच मागच्या बाकावर बसलेले होते, मांडीवर माझी टाचणवही. बावन्न मुलं उभी राहिली. एक नमस्ते, लांबलचक, ओढलेलं. मी पाठ फिरवली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सौरभ दशरथ रणपिसे. मराठी. वळून भाषण केलं. शिकवीन म्हणालो. परंतु म्हणालो. कुणी हसलं नाही. चुकलं तरी चालेल, म्हणालो, आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मान डोलावली. मी वाचलो असं मला वाटलं.

मग नंबरानं एकेकाला उभं केलं.

कसलं छान चाललं होतं. आमोद पुराणिक, मृणालचा जुळा भाऊ, म्हणाला, "मी आमोद, सदाशिव पेठ, क्रिकेट, आणि सर, मला मराठी अ‍ॅक्च्युअली आवडतं." वर्ग हसला. मी हसलो. कॅटलॉगमध्ये खुणा करत गेलो. मृणालनं तिचे दोन्ही ण स्वतःच उच्चारले, माझ्यावरचं ओझं तिनं उचललं. चव्हाण तिघं होऊन गेले. पंचवीस झाले. मागे सर काहीतरी लिहीत होते, पण चेहरा शांत होता.

सव्विसावी उभी राहिली. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे. गणवेश नवा कोरा, घड्या तशाच. दोन वेण्या. शाळेत यंदाच आलेली.

"माझं नाव कल्यानी रायकर. मी धायरीवरनं येते. आय हितं मेसमधी पोळ्या लाटती, तिच्यासंगं येते."

आधी मागून एक खुसखुस. मग ती पुढे सरकली. आमोद अर्धा वळून, वाईट नव्हे, अगदी गमतीनं म्हणाला, "सर, तिला तिचं स्वतःचंच नाव म्हणता येत नाहीये."

आता सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. हे कसं असतं ते ज्यानं अनुभवलंय त्याला कळेल. बावन्न मुलं वाट बघतात की सर आता काय ठरवतात: हसायचं, की नाही. आणि मेहेंदळे सरांनी पेन थांबवलं होतं. मी मराठीचा शिक्षक होतो. मुलगी चुकीचं बोलली होती. मी गप्प बसलो तर त्यांना कळणार. मला ते ऐकूच आलं नाही, असं कळणार. कुणाला ऐकू येत नाही? ज्याच्या कानाला ते बरोबर वाटतं त्याला.

"कल्याणी," मी म्हणालो.

आला. ण आला. आयुष्यात चारचौघांत इतका स्वच्छ कधी आला नव्हता. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला असेल. मला आतून इतकं हलकं वाटलं की सांगायची सोय नाही.

"म्हण," मी म्हणालो. "कल्याणी."

"कल्यानी."

हसू वाढलं.

"जीभ मागे. पुन्हा."

"कल्या... नी."

"पुन्हा."

तिसऱ्यांदा पुन्हा म्हणालो तेव्हा माझा आवाज मला ऐकू आला. चिडका होता. वहीत लिहून ठेवला होता तसाच. मघापर्यंत मला वर्गाची भीती होती, मागच्या माणसाची होती, तीन वर्षांनंतरच्या कागदाची होती. आता पहिल्यांदा मला त्या टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाची भीती वाटली. तो कुठपर्यंत जाईल, मला माहीत नव्हतं. त्याला बरं वाटत होतं, ना.

मुलगी माझ्याकडे सरळ बघत होती. डोळ्यात पाणी नव्हतं. कान मात्र लाल झाले होते.

"माझ्या आयनं ठेवलंय नाव," ती म्हणाली. "तिला कल्यानीच म्हनता येतं. नाव बरुबर न्हाई म्हनता आलं तर गैरहजर लावा, सर."

उद्धटपणा झालाय की नाही ते कुणालाच ठरवता येईना. माझं पेन सव्विसाव्या रकान्यावर होतं.

टाचणात हे नव्हतं. मी म्हणालो, "बस." ती बसली नाही.

"आनि सर," ती म्हणाली, "तुमी तुमचं पुरं नाव न्हाई सांगितलं. नुसतं लिवलंय. सगळ्यांनी सांगायचं म्हनला होता ना."

बरोबर पकडलं होतं तिनं. पोरगी काही टोचायला बोलत नव्हती असंही मी म्हणणार नाही, टोचायलाच बोलली. तिचा हक्क होता. बावन्न माना फळ्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. आमोद म्हणाला, "हो, सर, खरंय." मेहेंदळे सर मागे रेलून बसले. त्यांनाही ऐकायचं होतं.

मी जीभ मागे नेली. आत्ताच तर जमलं होतं. दोनदा जमलं होतं. तिच्या नावात जमलं होतं.

"सौरभ," मी म्हणालो. "सौरभ दशरथ रनपिसे."

मी ठरवून म्हणालो, असं सांगायला मला फार आवडेल. त्या पोरीसाठी म्हणालो, असं. खोटं आहे. जीभ वळली नाही. घाबरलो होतो, म्हणून न आला. एवढंच झालं.

वर्ग फुटला. असा हसला की शेजारच्या नववी क मधून बाकं सरकल्याचा आवाज आला. आमोदनं तोंडावर हात घेतला. पहिल्या बाकावरची मान डोलावणारी मुलगी वहीत तोंड घालून हसत होती. दोन जण हसले नाहीत. एक मेहेंदळे सर. दुसरी ती. ती नुसती बघत होती, आता नीट, डोकं थोडं कलतं करून. आमच्याकडे बायका नवीन भाडेकरूकडे बघतात तसं.

मला वाटलं, आता मरणार. माणूस लाजेनं मरत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. पुढचं मिनिट येतं. ते आलं, आणि त्यात मला काहीतरी करायचं होतं. हातात कॅटलॉग होता. सत्तावीस ते बावन्न नावं उरली होती. परत मुलांना उभं करावं आणि खाली मान घालून खुणा कराव्यात, एवढा रस्ता होता. आणि दुसरा एक होता.

मी सव्विसाव्या रकान्यात खूण केली. "कल्यानी रायकर, हजर," म्हणालो. "पुढची नावं मी घेतो. आवाज द्या."

आणि घेतली. वाचत गेलो. किरण आला तो किरन झाला, राणे राने झाला. एक दोन ण बरोबर आले, कसे कोण जाणे. प्रत्येक वेळी हसू येत होतं, मग कमी, मग एखाद्याच कोपऱ्यातून. चाळीसच्या पुढे मुलं कंटाळली. मुलं फार लवकर कंटाळतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बी. एड.ला नव्हतं. एका ठिकाणी नदीम पठाण म्हणाला, "सर, पठानच म्हणा, घरी पन तेच म्हणतात," आणि त्यावर जे हसू आलं ते माझ्यावर नव्हतं. पण सगळं गोड झालं असं समजू नका. 'रनपिसे' हे माझं त्या शाळेतलं टोपणनाव तिथेच ठरलं, मधल्या सुट्टीत मी ते जिन्यात ऐकलं. आणि कल्याणी रायकरनं उरलेला तास खिडकीबाहेर बघून काढला. तिला तीनदा पुन्हा म्हणायला लावणारा माणूस मी होतो. माझी जीभ घसरली म्हणून ते पुसलं गेलं नाही. मी तिची माफी मागायला पाहिजे होती. वर्गासमोर. मागितली नाही. मागे सर बसले होते, आणि माझ्यात तेवढं उरलं नव्हतं.

घंटा झाली. मुलं पुढच्या तासाच्या गडबडीला लागली. मेहेंदळे सर पुढे आले आणि टाचणवही टेबलावर उघडून ठेवली. बोट ओळींवरून फिरवलं. व. परंतु. अर्थात. शिकवीन. अठ्ठावीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेलं बोट होतं ते. एका जागी थांबलं, मागे गेलं, परत पुढे आलं. त्यांना कळलं. कळल्याचं मला दिसलं.

"बरीच मेहनत घेतलीत," ते म्हणाले. "असं टाचण मी पाहिलेलं नाही."

कौतुक होतं की टोमणा, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि समासात लिहिलं: उच्चारांकडे लक्ष द्यावे. अक्षर सुरेख. मग वही माझ्याकडे फिरवली, खाली सही करा, शेरा वाचल्याची. मी केली.

"अहो रणपिसे, विद्यार्थ्यांचं नुकसान होऊ नये, एवढंच बघायचं असतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी माझं आडनाव किती देखणं वाटलं. "उद्याचं टाचण कधी मिळेल?"

"सकाळी आनतो, सर."

"आणतो," ते म्हणाले. अगदी हळू. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना ती माझी कदर वाटत होती, आणि ती कदरच होती, हे मी नाकारत नाही. पाठीवर हात ठेवायचे तेवढे बाकी होते.

आता बावन्न जण बघत नव्हते. एकच माणूस समोर होता, जवळ, आवाज मऊ. अशा वेळी जीभ वळते. मला माहीत आहे, ती वळली असती. ण तोंडात तयार होता. म्हटला असता तर ते मान हलवून गेले असते, अहवालात 'सुधारणेस वाव, प्रयत्नशील' असं काहीतरी पडलं असतं, आणि मी तीन वर्षं रोज एकेक अक्षर दुरुस्त करत कायम झालो असतो.

तिसऱ्या बाकावर कल्याणी दप्तरात डबा बसवत होती. ऐकत होती की नाही, मला दिसलं नाही.

"आनतो, सर," मी म्हणालो.

हे मात्र ठरवून.

मेहेंदळे सरांनी माझ्याकडे पाहिलं. टेबलाची कड हाताला लागत होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "बरं," ते म्हणाले. मग टोपण परत काढलं, लाल शेऱ्याखाली आणखी एक ओळ लिहिली, मला न दाखवता वही मिटली आणि काखेत घालून घेऊन गेले.